दुनिया आणि आखिरत सारख्याच वेळा

माझा मित्र रोह्याचा, मी पेणचा. अलिबागला कॉलेजात असताना दोघांनी मिळून एक खोली घेतली होती, तेव्हापासूनची दोस्ती. पुढे तो रोह्याच्या शाळेत मराठी शिकवायला लागला आणि मी कॉलेजात संख्याशास्त्र. तो कोकणी मुसलमान, पण मशिदीत न जाणारा. मी हिंदू, देवळात न जाणारा. या एका बाबतीत आमचं फार जमायचं. ईदला आणि गणपतीला मात्र आम्ही दोघंही दोन्हीकडे जेवायला पहिल्या पंगतीत असायचो.

त्याच्या घरात श्रद्धेचं खातं भाभीकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे होतं. पहाटे उठून, डोक्यावर ओढणी घेऊन, खिडकीशी बसून ती कुराण वाचायची. अरबीचा अर्थ तिला कळत नव्हता, वाचता सगळं यायचं. मी एकदा चेष्टेनं विचारलं होतं की भाभी, अर्थ कळत नाही तर वाचता कशाला. ती म्हणाली, "भावजी, लहान पोराला आई काय बोलते ते कळतं का? तरी गप बसून ऐकतंच ना." मग तिनं तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे ठेवली आणि विषय मिटला.

भाभी गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. दुखणं लांबलं होतं, आणि शेवटचे काही आठवडे पनवेलच्या दवाखान्यात गेले. ती गेल्यावर मी रोह्याला जाऊन आलो, तेराव्यासारखं त्यांच्यात काय असतं ते न कळून नुसता बसून राहिलो, आणि परत आलो. मग मित्राचे फोन कमी झाले. आणि अचानक मोबाईलवर त्यानं पाठवलेले व्हिडिओ यायला लागले.

त्या व्हिडिओंत एक तरुण, चांगल्या इस्त्रीच्या शर्टातला, पडद्यावर आकडे दाखवायचा. कुराणात 'दिवस' हा शब्द वर्षात जितके दिवस तितक्या वेळा. 'महिना' बारा वेळा. पुरुष आणि बाई सारख्याच वेळा. एकोणिसाच्या पाढ्यात तर म्हणे सगळं बसतं. मी जन्मभर पोरांना शिकवलं की कुणी आकडे दाखवले की आधी, त्यानं कुठले आकडे दाखवले नाहीत ते विचारा. तेव्हा माझं डोकं तडकलं. आमच्याकडचे लोकही काही मागे नाहीत. पेणच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी कुठल्यातरी श्लोकातून प्रकाशाचा वेग काढत असतो. पण त्यांच्याशी मी भांडतो. मित्राशी भांडायला मन होईना. मी नुसता अंगठा पाठवत राहिलो.

एक दिवस त्यानं सरळ फोन केला.

"अंगठा नको पाठवू. ये हिकडं. तुझ्याकडून तपासून घ्यायचंय."

बायकोनं पोह्याच्या पापडांची पिशवी हातात दिली, मी एसटी धरली. नागोठणं गेलं, धाटावच्या केमिकल कंपन्यांचा वास आला, रोहा आलं. तो दारातच उभा होता. बारीक झाला होता, दाढी वाढली होती. घरात भाभीची खिडकी तशीच, तिथं आता त्याची बैठक होती. उशी, चष्मा, लाकडी घडवंचीवर तिचं कुराण, शेजारी मराठी भाषांतर. आणि एका स्टीलच्या परातीत खजुराच्या बिया.

चहा झाला तेव्हा त्यानं सांगितलं. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, दुपारी तो तिच्या उशाशी बसला होता. तिनं त्याचा हात धरला आणि विचारलं, "तिकडं भेटू ना आपण?"

"मी म्हटलं, बघू."

तो खिडकीबाहेर बघत होता.

"व्हय म्हणायचं होतं रं. एक शब्द. पण मला वाटलं, आपला इश्वास नाय आन् मरणाऱ्या माणसाला कसं व्हय म्हणायचं. मी बघू म्हटलं, जसं बाजारातनं काय आणायचं ते इचारल्यावर म्हणतो तसं. ती हसली. तिसऱ्या दिवशी गेली."

मग या व्हिडिओंत त्याला एक गोष्ट सापडली होती. कुराणात 'दुनिया' म्हणजे हे जग आणि 'आखिरत' म्हणजे मरणानंतरचं जग, हे दोन शब्द सारख्याच वेळा येतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. माणूस इतकं जुळवू शकत नाही. म्हणजे पुस्तक खरं. पुस्तक खरं म्हणजे आखिरत खरी. आखिरत खरी म्हणजे ती तिथं आहे, आणि त्याला तिच्या कबरीशी जाऊन 'हो' म्हणता येईल.

"तू ह्यातला नायस," तो म्हणाला. "आमचा मौलाना व्हय म्हणणार, माझी लेक दुबईतनं रडत व्हय म्हणणार. तुला ह्यात गोडी नाय. तू मोज आन् सांग. तू खरं हाय म्हणालास तर मी मानीन."

मी काय सांगणार ते मला तिथंच, चहाचा कप हातात असताना माहीत होतं. पण त्याच्या तोंडावर तसं म्हणणं म्हणजे न तपासताच निकाल देणं, आणि तेही मी करणार नव्हतो. मी म्हटलं, आधी तू कसा मोजतोस ते दाखव.

त्यानं दाखवलं. परातीतल्या बिया भाभीच्या होत्या. रमजानात रोजा सोडताना खाल्लेल्या खजुरांच्या बिया ती दरवर्षी धुवून, वाळवून डब्यात ठेवायची. त्यांच्यात कुणी गेलं की जियारतीला, म्हणजे गेलेल्यासाठीच्या प्रार्थनेला, घरात पांढरी चादर अंथरतात, मधोमध बियांचा ढीग ओततात. भोवती बसलेले लोक कलमा वाचतात आणि एकेक बी इकडून तिकडे टाकतात. ढीग किती बियांचा हे आधीच ठरलेलं असतं. ढीग संपला की वाचन पुरं. मध्ये कुणाला शंका आली की बी टाकली की नाही, तर टाकायची नाही, परत वाचायचं. अल्लाच्या दारात जास्त वाचलेलं चालतं, कमी नाही.

मित्र त्याच रीतीनं शब्द मोजत होता. व्हिडिओतला आकडा जितका, तितक्या बिया त्यानं आधीच मोजून परातीत घेतल्या होत्या. मग पान उलटायचं, 'दुनिया' दिसला की एक बी बाजूला. एखाद्या जागी शंका आली, की इथला शब्द खरंच या जगाबद्दल आहे का, तर बी टाकायची नाही. असं करत तो शेवटापर्यंत गेला तेव्हा काही बिया उरल्या. तर तो पहिल्यापासून परत सुरू झाला, शंकेच्या काही जागा आता त्याला पटल्या, आणि ढीग संपला. आखिरतचंही तसंच. दोन्ही ढीग संपले त्या दिवशी तो खूप रडला होता म्हणे.

मला रागावता येत नव्हतं. आजवर इतके चुकीचे प्रबंध तपासले, पण इतकी निर्मळ चूक पाहिली नव्हती.

"अरे," मी म्हटलं, "तू मोजत नव्हतास. तू पुरं करत होतास."

त्याला लगेच कळलं. मराठीचा मास्तर, शब्द त्याला समजावून सांगावे लागत नाहीत. त्यानं परातीकडे पाहिलं आणि म्हणाला, "जियारत केली म्हण की मी तिची."

मग आम्ही नीट सुरू केलं. मी त्याला तीन-चार आठवडे छळलं असेन. दर सोमवारी मी रोह्याला जायचो. माझी अट एकच होती: काय मोजायचं ते आधी ठरवायचं, आणि एकदा ठरलं की आकडा आवडो न आवडो, नियम बदलायचा नाही. बिया नकोत, मोबाईलमध्ये शब्द शोधायची सोय आहे, ती वापरू आणि पानावर ताडून बघू. महिनाभर परातीशी बसून केलेलं काम फोननं चहा गाळायच्या आत केलं, ते त्याला फारसं आवडलं नाही. "तिच्या बियांना कामाला लावलं होतं ना," एवढंच म्हणाला.

दोन नियम आधीच लिहून ठेवले. पहिला अर्थाचा. दावा दोन जगांबद्दल आहे, तर जिथं शब्दाचा अर्थ ते जग असा असेल तिथंच मोजायचं. भाषांतर उघडून एकेक जागा पाहिली. आणि भानगड दिसायला लागली. एका ठिकाणी तोच शब्द दरीच्या अलीकडच्या बाजूसाठी आला होता. दुसरीकडे आपल्याला सगळ्यांत जवळच्या आभाळासाठी. आखिरतचा शब्दही कुठं नुसता 'शेवटचा' म्हणून आला होता. अर्थ धरला तर आकडे जुळेनात.

दुसरा नियम शब्दाच्या रूपाचा. अर्थ काहीही असो, तेच रूप दिसलं की मोजायचं. आणि या नियमानं ते जुळले. दोन्ही अगदी सारखे. मी दोनदा ताडून पाहिलं.

मित्र उभाच राहिला. म्हणाला, "बघ! बघ!" आणि स्वयंपाकघरात जाऊन, का कोण जाणे, पुन्हा बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कॉलेजच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आपण इथंच थांबावं, पापड भाजायला सांगावेत, आणि घरी जावं. खरंच वाटलं. पण त्यानं मला बोलावलं होतं ते याच्यासाठी नाही, आणि तोच मला म्हणाला, "आता? पुढं काय बघायचं?"

मी म्हटलं, आता हाच नियम दुसऱ्या जोड्यांना लावायचा. ज्या जोड्या व्हिडिओत नाहीत त्यांना.

लावला. रात्र आणि दिवस जुळले नाहीत. सूर्य आणि चंद्र जुळले नाहीत. जमीन आणि आभाळ तर कुठल्या कुठं गेले. व्हिडिओतला 'दिवस' वर्षाइतका येण्यासाठी अनेकवचन गाळावं लागत होतं, आणि दुसऱ्या एका शब्दाला तेच अनेकवचन धरावं लागत होतं. त्या इस्त्रीच्या शर्टवाल्यानं जुळलेल्या जोड्या पडद्यावर ठेवल्या होत्या, न जुळलेल्या घरी. मी हे सांगत होतो आणि मित्र वकिलासारखा उलटतपासणी करत होता. म्हणाला, एक जोडी तरी जुळली ना? आन् तीही नेमकी हीच? हजार न जुळोत, ही का जुळली?

प्रश्न बरोबर होता. वर्गात असता तर मी त्या पोराचं कौतुक केलं असतं. मी म्हटलं, शब्द पुष्कळ असले आणि नियम निवडायची मोकळीक असली, की कुठल्याही जाड पुस्तकात असं काहीतरी जुळतंच. तो म्हणाला, दाखव.

भिंतीतल्या कपाटात त्याच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका होती. जाडजूड, वर शाळेच्या इमारतीचा फोटो. संपादक तोच. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींचे गठ्ठे त्यानं चार महिने बसून दुरुस्त केले होते, आणि त्या काळात आम्ही सगळ्यांनी त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मी म्हटलं, ही घे. कुराणापुढे लहानच आहे, पण चालेल.

ती दुपार मला आठवते. आम्ही दोघं म्हातारे, पोटावर पडून स्मरणिका मोजत होतो. मुख्याध्यापक आणि चहा जुळले नाहीत. पाऊस आणि सुट्टी एकानं हुकले, तेव्हा मित्र म्हणाला, देणगीदारांची पानं गाळून बघ, आणि ते आणखीच लांब गेले. मग त्यालाच सुचलं. प्रत्येक माजी विद्यार्थी लिहितो की गुरुजींनी छडीनं मारलं पण प्रेमही केलं. छडी आणि प्रेम मोजू. मोजले. सारखे. अगदी सारखे, एक कमी नाही, एक जास्त नाही.

मित्र इतका हसला की त्याला ठसका लागला. "चमत्कार!" तो ओरडला. "रोहा हायस्कूलची इस्मरणिका आभाळातनं उतरली! छडी तितकं प्रेम! मौलानाला फोन लाव!" मीही हसत होतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आणि हसता हसता तो थांबला. स्मरणिका त्याच्या हातात उघडी होती.

"हे मी ठेवलं नव्हतं," तो म्हणाला.

त्यानं दोन-तीन पानं उलटली.

"एकेक ओळ मी तपासलीय. छडी किती, प्रेम किती, मला ठाऊकही नव्हतं. कुणीच ठेवलं नव्हतं हे." त्यानं स्मरणिका मिटली. "म्हंजे जुळायला कुणी जुळवणारा लागत नाय."

मी वर्षानुवर्षं फळ्यावर जे सांगत आलो ते त्यानं एका वाक्यात सांगितलं, आणि मला त्या विषयाचा, त्या फळ्याचा, माझ्या सगळ्या नोकरीचा संताप आला. मी घाईनं बोलायला लागलो. म्हटलं, यातून पुस्तक खोटं ठरत नाही, एवढंच ठरतं की हा पुरावा पुरावा नाही. आखिरत आहे की नाही याबद्दल माझे आकडे एक अक्षर बोलत नाहीत. इतक्या पिढ्यांनी मानलं ते काय शब्द मोजून? भाभीनं कधी मोजलं होतं?

"तिला कशाला मोजायला लागतंय," तो म्हणाला. "तिला ठाऊकच होतं. नव्हतं ते मला. म्हणून तर हिशेब लागला."

"आखिरतीचा निकाल वेगळा आणि आकड्यांचा वेगळा," मी म्हटलं. "मी फक्त आकड्यांचा सांगतोय."

"तुझ्या लेखी त्या दोन गोष्टी. माझ्यापाशी एकच होती रं."

त्या दिवशीही आणलेली पापडांची पिशवी तिथंच ठेवून मी निघालो. स्टँडवर बसून राहिलो, दोन गाड्या गेल्या तरी उठलो नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं काय झालं, आणि मी सांगितलं. ती म्हणाली, "खोटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, त्यानं मला त्याचसाठी बोलावलं होतं की मी सांगणार नाही. ती म्हणाली, "मग बरोबर केलंत." आणि आत जाऊन ती बराच वेळ रडली. भाभी तिची मैत्रीण होती. दोघी फोनवर तास तास बोलायच्या, मुख्यतः आमच्या चुकांबद्दल.

त्यानंतर व्हिडिओ यायचे थांबले. फोन मीच करायचो. तो बोलायचा, नेहमीसारखं; गुडघा दुखतो, नदीला पाणी सोडलंय, लेक म्हणते दुबईला ये. भाभीचा विषय निघाला की म्हणायचा, हां. मला वाटायचं त्यानं माझ्यावर रागवावं. त्या रागाला मला काही उत्तर देता आलं असतं. तो रागावला नाही.

गेल्या महिन्यात मी रोह्याला गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, "शुक्रवार हाय ना, कबरस्तानात गेलेत." मी नदीच्या बाजूनं चालत गेलो. आत जावं की नाही कळेना, म्हणून फाटकाजवळच्या ठेंगण्या भिंतीवर बसलो. लांब, एका झाडाखाली, तो उभा दिसत होता. हात पुढे धरलेले, डोक्यावर टोपी. त्या टोपीत मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मग त्यानं हात तोंडावरून फिरवले, पण तो निघाला नाही. वाकून काहीतरी बोलला, आणि पुन्हा सरळ उभा राहिला.

बाहेर आल्यावर मला बघून त्याला नवल वाटलं नाही. माझ्या शेजारी बसला. टोपी काढून घडी करून खिशात घातली. थोडा वेळ आम्ही समोरून जाणाऱ्या रिक्षा बघत राहिलो.

"तिला सांगितलं," तो म्हणाला.

"काय?"

"व्हय म्हटलं. भेटू म्हटलं."

मला आनंद झाला. खरंच झाला, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, बरं केलंस. म्हणजे आता तुला वाटतं...

"नाय," तो म्हणाला. "तेच तर. वाटत नाय. खूप वाटवून बघितलं. नमाज पढतो, रोजे धरले, शुक्रवार चुकवत नाय. आत कायच हालत नाय. खोटं बोललो तिच्याशी. जिती होती तवा बोललो नाय, आन् आता कबरीपाशी उभा राहून बोललो."

मी हात काढला नाही.

"पण एक हाय," तो म्हणाला. "तिला माझं खोटं लगेच कळायचं. मी तोंड उघडायच्या आधी. चिडायची नाय, नुसती बघायची." तो माझ्याकडे वळला. डोळे लाल झाले होते, आणि त्यांत त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यात कुणाच्या प्रश्नाला इतका घाबरलो नाही. "आत्ताचंबी कळलं असंल ना रं तिला?"

मी कुराणाचं मोजमाप केलं होतं, स्मरणिकेचं केलं होतं. हातात काही आधार असल्याशिवाय मी पोरांना साधा पावसाचा अंदाजही सांगू दिला नाही.

मी म्हटलं, "कळलं असणार."

त्यानं मान हलवली. कशावरून, ते त्यानं विचारलं नाही.